गिटारचे सर शोधताना



यंदा गणपतीत आपल्या कार्यक्रमात लेकीने गिटार वाजवली. दोनच गाणी. त्यातलं दुसरं मधेच अडखळलं, पण घरची माणसंच समोर असल्यामुळे टाळ्या भरपूर मिळाल्या. तेव्हापासून मला निदान सहा जणांनी विचारलंय, "अरे, ही कुणाकडे शिकते? नंबर दे ना." नंबर मी देतोच. पण नुसत्या नंबराने काम होत नाही, हे मला चांगलंच ठाऊक आहे. पहिल्यांदा मीही असाच कुणाकडून तरी नंबर घेतला होता. म्हणून या महिन्याचं सदर त्यावरच.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका ताईला गिटार वाजवताना पाहून आली आणि घरी येऊन जाहीर केलं, "मला हेच शिकायचंय." आईचं म्हणणं होतं, "घरात आजोबांची पेटी आहे, ती शिकव. ते गिटार-बिटार आपलं नाही." मी मात्र भलताच उत्साहात. रात्री जागून दहा-बारा गिटारींची तुलना केली, लोकांचे अभिप्राय वाचले आणि एक ऑर्डर करून टाकली. पूर्ण आकाराची, स्टीलच्या तारांची. पोरगी वाढेलच, मग पुन्हा कशाला घ्यायची, असा हिशोब. शाळेचे बूट आपण एक नंबर मोठे घेतो ना, तसा.

क्लासही तसाच निवडला. घरापासून जवळ, वेळ सोयीची, खोलीत एसी, भिंतीवर सर्टिफिकेटं. तीन महिन्यांची फी एकदम भरली तर सवलत होती, ती भरली. एका वेळी बारा मुलं आणि पाऊण तास. त्यातली पहिली पंधरा मिनिटं गिटारी ट्यून करण्यातच जायची. मग सर बोर्डावर कॉर्डचं चित्र काढायचे, मुलं बोटं ठेवायची, सर एक चक्कर मारायचे. माणसं वाईट नव्हती. पण बारा मुलांमागे किती मिनिटं येतात, हा भागाकार मी केला नव्हता.

घरी लेक वाजवायला बसली की तारेतून नुसता खर्रर्र आवाज यायचा. बोटांची टोकं लाल व्हायची. "सुरुवातीला सगळ्यांचीच दुखतात," मी सांगायचो. ते खरंही आहे, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. हिची मात्र होईना. मग क्लासच्या वेळी पोटात दुखायला लागलं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी चिडलो. "एवढे पैसे भरलेत. तू प्रॅक्टिसच करत नाहीस. कष्ट नकोत तुला."

ती काही बोलली नाही. गिटार कव्हरमध्ये घातली, चेन लावली आणि कपाटामागे ठेवून दिली. रात्री झोपताना एवढंच म्हणाली, "मला नाही जमत, बाबा."

गिटार तशीच तीन महिने पडून राहिली. मे महिन्यात विकायची ठरवून मी ती राजवाड्याजवळच्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने एक तार दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "भिया, बेचने से पेले किसी सर को तो दिखा दो," म्हणाला आणि जेल रोडच्या मागच्या एका गल्लीतला पत्ता सांगितला. ते सर पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता घरीच सात-आठ मुलांना शिकवतात.

लेक यायला तयार नव्हती. "नुसती दाखवायला जातोय," असं सांगून तिला नेलं. सरांनी किती गाणी येतात, कुठे शिकलीस, हे काहीच विचारलं नाही. आवडतं गाणं म्हणायला लावलं. तिने खाली मान घालून एक कडवं म्हटलं. मग त्यांनी तिची गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली, दोन कॉर्ड वाजवल्या, ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि बाराव्या फ्रेटवर तारेखाली उभी धरली. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये बच्ची दो महीने इसी पर बजाती रही?"

"हो, पण प्रॅक्टिस..." मी सुरू केलं.

"भाईसाहब, ये तार मुझसे नहीं दब रही. ये तो आठ साल की है."

त्यांनी मग समजावून सांगितलं ते असं. तार आणि फ्रेट यांच्यात अंतर असतं, त्याला ॲक्शन म्हणतात. स्टीलच्या तारांच्या गिटारीत बाराव्या फ्रेटवर ते साधारण २ ते अडीच मिलिमीटर असावं. आमच्या गिटारीत ते साडेचारच्या पुढे होतं. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोंच्या घरात असतो. एवढी ताणलेली तार दुप्पट उंचीवरून दाबायची म्हणजे मोठ्या माणसाचंही बोट हार मानतं, आणि तार पूर्ण दाबली गेली नाही की खर्रर्र. शिवाय तिच्या वयाला तीन-चतुर्थांश आकाराची, साधारण ३६ इंच लांबीची गिटार हवी होती, तीही नायलॉनच्या तारांची. माझ्या गिटारीला मिठी मारता मारताच तिचा उजवा खांदा कानापाशी जात होता.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. वापरणारा म्हणतो 'चालत नाही', आणि आम्ही न बघताच म्हणतो 'तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल'. ऑफिसात याबद्दल मी ज्युनियर मुलांना ऐकवत असतो. घरी मात्र दोन महिने मी तेच केलं. 'मला नाही जमत' हे ऐकलं, पण गिटार एकदाही स्वतःच्या मांडीवर घेऊन तार दाबून पाहिली नाही.

परत येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "म्हणजे मला जमत होतं?"

"हो. बाबाचं चुकलं."

थोडा वेळ शांतता. मग, "छप्पनला जाऊया?" गेलो. त्या दिवशी तिने जे मागितलं ते सगळं घेतलं.

तर मंडळी, नंबर घ्याच, पण तो फिरवण्याआधी एवढं बघा.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाला नक्की काय वाजवायचंय. क्लासिकल गिटार नायलॉनच्या तारांची असते, बोटांनी छेडतात आणि बहुधा पाश्चात्त्य स्वरलिपीतून शिकवतात. सिनेमाची गाणी म्हणत वाजवायची ती बहुतेक स्टीलच्या तारांची अकूस्टिक. इलेक्ट्रिक वेगळी, मांडीवर आडवी ठेवून धातूची नळी सरकवत वाजवायची हवाईयन त्याहून वेगळी. एकातले उत्तम सर दुसऱ्यात तितकेच चांगले असतील असं नाही. आणि तारा बदलताना लक्षात ठेवा, नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवल्या तर त्या ताणाने ब्रिज उखडू शकतो.

दुसरं, गिटार आधी घेऊ नका, सर आधी शोधा. त्यांना विचारून, जमलं तर सोबत नेऊन घ्या. घेतलेली असेल तर ती फेकायचीही गरज नाही. दुरुस्तीवाला खालच्या बाजूने सॅडल घासून तारा खाली आणून देतो. आमचीही तशीच दुरुस्त झाली, सध्या ती मी वाजवतो.

तिसरं, परीक्षा. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत असतात. ज्या मुलांना पायरी-पायरीने जायला आवडतं त्यांना त्या छानच. पण सरांना एक विचारा, परीक्षेची तीन-चार गाणी सोडून वर्षभरात आणखी काय शिकवता? उत्तरावरून बरंच कळतं.

चौथं, एखादा तास बसून बघायची परवानगी मागा. मूल चुकलं की सर काय करतात ते बघा. 'पुन्हा वाजव' असं दहा वेळा म्हणणारे पुष्कळ असतात. आमचे सर तिचं मनगट बघतात, अंगठा कुठे आहे ते बघतात, आणि तेवढंच एक बदलून पुन्हा वाजवायला सांगतात. व्हिडिओवरून गाणी शिकता येतात, मीही शिकतो, पण व्हिडिओला आपलं मनगट दिसत नाही. आणि निदान पहिला महिना तरी फी महिन्याचीच भरा.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी एक ठेवा. पहिल्या दिवशी सर मुलाची गिटार स्वतःच्या हातात घेऊन वाजवून बघतात का? माझे सगळे हिशोब त्या एका गोष्टीपाशी चुकले होते.

घरचा सराव आता रोज पंधरा मिनिटं, रात्रीच्या जेवणाआधी. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा हे बरं पडतं, कारण बोटांना रोजची सवय लागते. गिटार कपाटामागे नाही, हॉलमध्ये स्टँडवर असते. येता-जाता हात लागतो.

राहता राहिली आई. लहानपणी देवासला कुमारजींचं गाणं समोर बसून ऐकलेली बाई, ती इतक्या सहज कशी ऐकेल? मी तिला म्हटलं, पेटी तरी आपली कुठेय? ती १८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये जन्मली, आणि १९४० पासून तीसएक वर्षं आपल्याच रेडिओने तिला परकी म्हणून बाहेर ठेवलं होतं. गिटारवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा तर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीने १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त आहेत. आणि कुमारजींचे गुरू देवधर मास्तर स्वतः पाश्चात्त्य संगीत शिकले होते. आई म्हणाली, "ते शिकले असतील. ते देवधर होते." वाद तिथे संपला.

तो सुटला सरांमुळे. एकदा आई लेकीला सोडायला गेली होती, तेव्हा सरांनी तिची पट्टी विचारली. आई भजनं काळी चारमध्ये म्हणते. सरांनी गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपोचा चिमटा लावला आणि लेकीला नेहमीची जी कॉर्ड धरायला सांगितली. जी म्हणजे पांढरी पाच, कॅपोमुळे ती अर्ध्या सुराने वर गेली की झाली काळी चार. आईने तिथेच, चपला घालता घालता, आ लावून पाहिला. सूर जुळला.

आता गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे भजनाला पेटी आणि गिटार दोन्ही असतात. लेकीला एफची कॉर्ड अजून नीट येत नाही. त्या कॉर्डला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकावं लागतं, आणि बरीच मंडळी तिथेच गिटार सोडतात. परवा ती पुन्हा म्हणाली, "बाबा, हे नाही जमत." या वेळी मी आधी गिटार मांडीवर घेतली आणि वाजवून पाहिली. तार ठीक होती. मलाही जमली नाही.

दोघंही प्रयत्न करतोय. पुढच्या महिन्यात भेटूच.