हाताच्या कामालाही श्रेयांक

नागपूरशेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतूनच गणित, विज्ञान शिकवावे, हा ‘नई तालीम’चा विचार तिथे मांडला गेला. आता हाताच्या कामाला कागदावरही मान मिळाला आहे: २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्याने वर्षाच्या १२०० अध्ययन-तासांना ४० श्रेयांक ठरवले. त्यात व्यवसाय प्रशिक्षण आणि कामाचा अनुभवही धरला. तरीही आयटीआयला जाणारी मुलगी आपल्याकडे अजून ‘अभ्यासात कच्ची’च ठरते. हे फार खुपते. वेल्डिंगमध्ये धातुशास्त्र नाही का? शिकवण्याच्या नावाखाली मुलांना फुकट राबवणे मात्र मुळीच नको. नागपूरच्या शाळांनी जवळच्या आयटीआयशी जोडून घ्यावे आणि विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांची नोंद स्वतः ठेवावी, ही आमची आग्रहाची विनंती.