वाचनयंत्र कोणत्या विजेवर चालवावे?

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूस पावसाळ्यात झाडाची एखादी फांदी तारांवर पडली, की वीज केव्हा परतेल याचा नेम नसतो. इकडे निपाणीच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालील खोलीत दुपारी बसवत नाही. अशा दोन टोकांच्या हवेत आता आपल्या घरांतून वाचनाची यंत्रे आली आहेत. कोणते यंत्र घ्यावे याची चर्चा घरोघर होते. त्यास वीज कोठून पुरवावी याची मात्र, पहिल्या अंधाऱ्या रात्रीनंतर. वाचकहो, आमच्या मते हा विचार दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच व्हावा.

प्रथम पाहावे ते हे, की घरात वाचणार कोण आणि काय? आजीला प्रार्थनापुस्तक मोठ्या अक्षरांत हवे असते. दहावीतील नातवाला पाठ्यपुस्तक हवे असते. कर्नाटक राज्याची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात खरी. परंतु त्यांची मोठी पाने, रंगीत नकाशे आणि आकृत्या सहा इंची करड्या पडद्यावर नीट दिसत नाहीत. त्यासाठी टॅबलेटच लागतो. उलट निव्वळ मजकूर वाचणाऱ्यास ई-इंकचे वाचनयंत्र अधिक सुखाचे. ‘किंडल’ या यंत्रावर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली.

या दोन यंत्रांची भूक अगदी निराळी आहे. टॅबलेटचा पडदा पेटलेल्या दिव्यासारखा असतो. डोळ्यांसमोर आहे तोवर तो वीज खातच राहतो. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात. पान उलटताना ते जागा बदलतात, त्या क्षणापुरती वीज लागते. पुढे पान तसेच दिसत राहते, वीज लागत नाही. पडद्याचा दिवा मंद ठेवला आणि वाय-फाय बंद केले, तर असे यंत्र एकदा भरल्यावर कित्येक दिवस, थोडे वाचणाऱ्याकडे कित्येक आठवडे चालते. आजीच्या यंत्रासाठी वेगळी सोय करण्याची गरज बहुधा पडणारच नाही.

प्रश्न उरतो तो नातवाच्या टॅबलेटचा, आणि येथेच पॉवर बँक येते. तिच्यावर छापलेल्या आकड्याने पुष्कळांची फसगत होते. ‘१०,००० एमएएच’ हा आकडा आतील लिथियम सेलच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबाचा असतो. बाहेर वीज येते ती ५ व्होल्टने. हा दाब चढविताना काही वीज उष्णतेत जाते. म्हणून व्यवहारात ६,००० ते ६,५०० च हाती येतात असे धरावे. ई-इंकची लहान बॅटरी तेवढ्यात तीन-चार वेळा भरेल. मोठा टॅबलेट मात्र एकदाही पुरता भरेल असे नाही. तेव्हा टॅबलेट असेल तर २०,००० ची घ्यावी, आणि बी.आय.एस.चे नोंदणीचिन्ह पाहूनच घ्यावी. बाजारात मिळणारी निनावी स्वस्त वस्तू उशाशी ठेवून झोपण्याजोगी नसते. (आखाती देशांतून घरी येणाऱ्या मुलांनी पॉवर बँक आणावी ती हातातील पिशवीत, विमानाच्या तळातील सामानात ती चालत नाही.)

सौर दिवे आणि सौर पट्ट्या यांची आज मोठी वाहवा आहे. निपाणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात त्या उत्तम चालतील. परंतु खानापूरच्या रानाकडील गावांत वीज जाते ती प्रामुख्याने जून ते ऑगस्टमध्ये, आणि सूर्यही त्याच दिवसांत दडी मारतो. तेथे आम्ही सौर पट्टीवर भिस्त ठेवणार नाही. वीज असताना भरून ठेवलेली पॉवर बँकच बरी.

छापील पुस्तकाला चिमटा लावून वाचण्याचा लहान एल.ई.डी. दिवाही विसरू नये. गरिबाचे वाचनयंत्र ते हेच. यात बहुधा तीन लहान सेल असतात. साधा सेल नवा असताना १.५ व्होल्टचा, तर पुन्हा भरता येणारा निकेलचा सेल १.२ व्होल्टचा, त्यामुळे काही दिव्यांत निकेलच्या सेलवर प्रकाश किंचित मंद पडतो. रोज वाचणाऱ्याने तो मंदपणा सोसावा, कारण तो सेल शेकडो वेळा भरता येतो. वर्षातून चार रात्रीच दिवा लागत असेल, तर अल्कलाईन सेल घ्यावेत व एरवी ते काढून ठेवावेत, म्हणजे पाझरून दिवा खराब होणार नाही.

आता एका जुन्या सवयीविषयी. ट्रान्झिस्टरचे सेल मंदावले की ते उन्हात वाळत ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती. त्यात तथ्यही होते: उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेग घेई व बातम्यांपुरता आवाज निघे. परंतु हीच युक्ती लिथियमच्या बॅटरीवर कोणी केली, तर ती बॅटरीचे आयुष्य तर तोडीलच, प्रसंगी आगही लागेल. वाचनयंत्र पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये. दुसरा घोळ साठवणीचा आहे. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेलीच ठेवावी लागते, रिकामी राहिली की ती मरते. लिथियमची मात्र महिनोन् महिने वापरायची नसेल, तर अर्धी भरून थंड जागी ठेवावी. पावसाळ्यात रोज गरज पडते तेव्हा अर्थातच भरून ठेवावी.

यंत्राची पाठ फुगलेली दिसली, पडदा वर उचलला गेला, तर त्या क्षणापासून ते भरणे बंद करावे. ते दाबू नये, टोचू नये, उकिरड्यावर किंवा चुलीत तर मुळीच टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा पुढच्या वेळी बेळगावास जाल, तेव्हा ती विकणाऱ्या दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्यावी, आणि नवी बॅटरी त्याच यंत्रात बसते काय हेही तेथेच विचारावे.