स्वस्तातला म्हणून काय झालं?

रविवारी भाजी निवडता निवडता एक जुना इंग्रजी चित्रपट पाहिला, ‘द नॅरो मार्जिन’. १९५२ सालचा, अवघा ७१ मिनिटांचा. आठवड्याची भाजी निवडून होते न होते तोच संपलासुद्धा!

त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवीत. एक मोठा, अन् जोडीला एक स्वस्तातला. या दुसऱ्याला ना नामवंत नटनट्या, ना पैसा. म्हणून त्यात डिटेक्टिव्हच्या गोष्टी फार. एक खोली, एक संशय अन् अंधार. अंधाराला पैसे पडत नाहीत! पण काटकसरीला अक्कल लागते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथे जवळजवळ सारी गोष्ट आगगाडीत घडते. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर यांनी डब्याचा सेट जमिनीला घट्ट बसवला अन् हलवला तो कॅमेरा! पार्श्वसंगीत नाही, नुसता गाडीचा खडखडाट. तरी जीव टांगणीला लागतो.

एका गुंडाच्या विधवेला साक्षीसाठी शिकागोहून लॉस एंजेलिसला सुखरूप पोचवायचं काम एका डिटेक्टिव्हवर असतं. मारेकरी त्याच गाडीत. बाई (मारी विंडसर) भडक अन् तोंडाळ. तो तिचा तिरस्कार करतो. आता गुपित फोडते, रागावू नका हं. खरी विधवा निघते ती गाडीतली दुसरी, साधीसुधी लेकुरवाळी बाई! भडक बाई ही सोंग घेतलेली पोलीस. जीव जातो तो तिचाच. अन् शेवटी तिच्यासाठी कुणी हळहळतही नाही.

मला ते फार लागलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई पालकसभेला नेहमी उशिरा येई. रंगवलेले ओठ, झगझगीत साडी. मी मनातल्या मनात तिला नावं ठेवून मोकळी झाले होते. पुढे कळलं, ती दिवसभर दुकानात उभी असते, तिथूनच धावत येते. तो थाट तिच्या नोकरीचा, हौसेचा नव्हे.

मी काही बोलले नव्हते, म्हणून माफी तरी कशाची मागायची? पण पुढच्या सभेला ती आली, की उशीर का झाला हे न विचारता आधी खुर्ची देणार आहे, अन् पाणी.