घरच्यांनी स्वीकारलं, पुढे काय? पडद्यावरच्या समलिंगी गोष्टी नेमक्या कुठे थांबतात?

समलिंगी नात्यावरचा सिनेमा किंवा वेब सीरिज आली की सोशल मीडियावर दोन प्रतिक्रिया हमखास दिसतात. पहिली, ‘किती धाडसी विषय!’ दुसरी, ‘हे सगळं दाखवायची गरजच काय?’ दोन्हीकडच्या मंडळींनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बघणारा प्रेक्षक स्वतः समलिंगी नसणार.

मी समलिंगी आहे. त्यामुळे मला हा विषय धाडसी वाटत नाही आणि अनावश्यकही वाटत नाही. माझ्यासाठी ते रोजचं जगणं आहे. म्हणून मला प्रश्न पडतो तो साधा: ही गोष्ट नीट सांगितली आहे का? गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडे अशा बऱ्याच कलाकृती आल्या. त्यातल्या काही खरंच चांगल्या आहेत. पण बहुतेक गोष्टी एकाच वळणावर येऊन थांबतात. ते वळण कोणतं, हे समजून घेऊया. (पुढे काही कथानकांचे शेवट उघड केले आहेत.)

मोजायचं कसं?

सिनेमातल्या स्त्रीपात्रांसाठीची ‘बेक्डेल चाचणी’ अनेकांनी ऐकली असेल. अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985 च्या एका चित्रपट्टीतून ती आली. सिनेमात दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का आणि पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का, एवढंच ती विचारते.

त्याच धर्तीवर ‘ग्लाड’ या अमेरिकी संस्थेने 2013 मध्ये ‘व्हिटो रुसो चाचणी’ आणली. हॉलिवूडने समलिंगी माणसं पडद्यावर कशी दाखवली, यावर रुसो यांनी 1981 मध्ये पुस्तक लिहिलं होतं. त्यांचंच नाव या चाचणीला दिलं आहे. तिचे निकष तीन:

1. सिनेमात समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स असल्याचं स्पष्ट कळेल असं एक तरी पात्र हवं.

2. त्या पात्राची ओळख फक्त तेवढीच नसावी. त्याला स्वभाव, काम, आवडीनिवडी असाव्यात.

3. ते पात्र काढून टाकलं तर कथेला फरक पडला पाहिजे.

इंजिनिअरिंग करताना शिकवलेली एक गोष्ट इथे लागू होते. टेस्ट पास झाली म्हणजे प्रॉडक्ट चांगलं असं नाही. टेस्ट फेल झाली, तर मात्र कुठेतरी गडबड नक्की आहे.

आपल्याकडचे निकाल काय?

‘कल हो ना हो’ (2003) मध्ये दोन नायकांना एकत्र बघून कांताबेन हादरते आणि थिएटर हसतं. ‘दोस्ताना’ (2008) मध्ये दोन पुरुष भाड्याच्या घरासाठी जोडपं असल्याचं नाटक करतात आणि थिएटर पुन्हा हसतं. दोन्ही सिनेमांत मुख्य पात्रांपैकी कुणीच समलिंगी नाही. समलिंगी असणं हा फक्त गैरसमज, आणि गैरसमज हाच विनोद.

‘मेड इन हेवन’ने (2019) हे बदललं. अर्जुन माथुरने साकारलेला करण हा वेडिंग प्लॅनर आहे, कर्जात बुडालेला आहे, कधी स्वार्थीही वागतो. तो समलिंगी आहे, हा त्याच्या आयुष्याचा एक भाग आहे. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं लावणाऱ्या या माणसाला स्वतःचं लग्न करता येत नाही, हे मालिका ओरडून सांगत नाही. या भूमिकेसाठी माथुरला आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन मिळालं.

‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (2020) हा त्यामानाने सोपा सिनेमा. आयुष्मान खुराना आणि जितेंद्र कुमार यांची जोडी गोड आहे. पण सिनेमाचा खरा प्रवास वडिलांचा आहे. मुलाचं प्रेम आधीच जमलेलं आहे. बदलायचं आहे ते वडिलांनी. त्यांचा राग वितळतो आणि सिनेमा संपतो.

‘पाताल लोक’च्या दुसऱ्या सीझनमध्ये (2025) इमरान अन्सारी हा पोलीस अधिकारी समलिंगी असल्याचं कळतं. हाथीराम आधी गोंधळतो, अवघडतो, पण मैत्री तुटत नाही. मला हा भाग फार आवडला, कारण बहुतेक मित्र असेच असतात. त्यांना काय बोलायचं ते सुचत नाही, पण ते सोडूनही जात नाहीत. व्हिटो रुसो चाचणीत अन्सारी सहज पास होतो. आणि मग त्याची हत्या होते. कथेच्या दृष्टीने ते पटतंही. पण समलिंगी पात्राला शेवटपर्यंत जगू न देणं ही जगभरातल्या पटकथाकारांची जुनी खोड आहे. ज्या प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःसारखा माणूस वर्षातून एकदाच दिसतो, त्याला तो मेलेला बघणं जड जातं.

मग चौथा प्रश्न कोणता?

माझ्या मते आपल्याकडच्या गोष्टींसाठी व्हिटो रुसोच्या चाचणीत एक प्रश्न वाढवायला हवा: सगळ्यांना कळल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं?

आपल्या बहुतेक सिनेमांत घरच्यांना कळणं हा स्फोट असतो आणि घरच्यांनी मान्य करणं हा शेवट. आई मिठी मारते, बाबा डोळे पुसतात, पडदा पडतो. या रचनेत समलिंगी मुलगा हा नायक राहत नाही. तो घरच्यांच्या परीक्षेतला अवघड प्रश्न होतो आणि उत्तर त्यांनी द्यायचं असतं.

खऱ्या घरांत गोष्ट तिथे संपत नाही. माझ्या आईला माहीत आहे, वडिलांनाही. घरात भांडण नाही. पण गावाकडून स्थळ आलं की आई सांगते, ‘त्याचं करिअर सेट होऊ दे आधी.’ हे वाक्य ती चार वर्षं वापरते आहे. माझं करिअर सेट झालेलं आहे, हे तिलाही ठाऊक आहे. ती मला मानते आणि लपवतेही, आणि या दोन्ही गोष्टी ती प्रेमापोटीच करते. हा प्रसंग मिठीच्या प्रसंगापेक्षा जास्त घरांत घडतो. पडद्यावर मात्र तो क्वचित दिसतो.

गेल्या वर्षी माझ्या जोडीदाराचं छोटं ऑपरेशन होतं. फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. आम्ही सहा वर्षं एकत्र राहतो. मी ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवर सांगण्यात आलं की संमतीची सही नातेवाइकाचीच लागेल. त्याचा भाऊ दुसऱ्या शहरातून येईपर्यंत चार तास गेले. त्या चार तासांवर कुणी सिनेमा काढला तर तो मी पहिल्या दिवशी बघेन.

कायदा कुठे उभा आहे?

दुसऱ्या दिवशीचा हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कायद्याकडे बघितलं की कळतं. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 च्या कक्षेतून बाहेर काढले. म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत. पण 17 ऑक्टोबर 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या.

मधल्या काळात थोडी दारं किलकिली झाली. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं.

थोडक्यात, एकत्र राहणं गुन्हा नाही, बँक खातं चालतं, पण नात्याला नाव नाही. आमच्या पिढीची खरी गोष्ट या मधल्या जागेत आहे.

ही जागा कुणी दाखवली?

‘बधाई दो’ने (2022) बऱ्यापैकी. हर्षवर्धन कुलकर्णी यांच्या या सिनेमात पोलीस असलेला शार्दूल आणि पीटी शिक्षिका असलेली सुमी घरच्यांचा तगादा चुकवण्यासाठी एकमेकांशी लग्न करतात. सिनेमा विनोदी आहे, पण विनोद त्यांच्या समलिंगी असण्यावर नाही. तो लग्नाच्या आग्रहावर आहे. सुमीला मूल हवं आहे आणि जोडप्याने मिळून दत्तक घ्यायचं तर लग्नाचा कागद लागतो, ही अडचण सिनेमा टाळत नाही. शेवटच्या पूजेत कोण कुणाशेजारी बसतं, ते जरूर बघा.

‘काथल - द कोर’ हा मल्याळम सिनेमा त्याहून पुढे जातो. तो नोव्हेंबर 2023 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही आठवड्यांतच आला. मॅथ्यू स्थानिक निवडणुकीला उभा राहतो आणि त्याच सुमारास त्याची पत्नी ओमना घटस्फोटाचा अर्ज करते, कारण नवरा समलिंगी आहे. मामुटी तेव्हा 72 वर्षांचे होते. ते मोठे स्टार आहेत आणि सिनेमाची निर्मितीही त्यांच्याच कंपनीची. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ज्योतिकाची ओमना. ‘लग्न केलं की सगळं ठीक होईल’ या सल्ल्याची किंमत समलिंगी माणूस मोजतोच, शिवाय एक बाईही आयुष्यभर मोजते, हे या सिनेमाने स्वच्छ दाखवलं. मुलाचं लग्न उरकून टाकू पाहणाऱ्या प्रत्येक घराने हा सिनेमा बघावा.

माझी तक्रार एकच. मॅथ्यू आणि त्याचा प्रियकर थंकन यांना एकत्र असे प्रसंग जवळजवळ नाहीतच. संयम समजू शकतो. पण ज्या नात्यावर अख्खा खटला चालतो, ते नातं आपल्याला दिसतच नाही.

परदेशी मालिकांतलं एक उदाहरण देतो. ‘द लास्ट ऑफ अस’चा तिसरा भाग (जानेवारी 2023). जग बुडाल्यानंतरच्या या कथेत बिल आणि फ्रँक हे दोघं एका ओसाड गावात सोळा वर्षं संसार करतात. रंगरंगोटीवरून भांडतात, बागेत स्ट्रॉबेरी लावतात, आजारपण काढतात. शेवटी दोघंही मरतात, पण म्हातारे होऊन, एकत्र. ते बघून मला रडू आलं, ते त्यांच्या मरणाने नाही. दोन पुरुष एकत्र म्हातारे होताना मी त्याआधी पडद्यावर फारसे बघितलेच नव्हते.

आणि मराठीत?

उत्तर अभिमानाचं आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. सप्टेंबर 2025 मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट. कानवडे यांच्या स्वतःच्या अनुभवातून ती आली आहे.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर या सिनेमाने सर्वांत नीट दिलं, असं मला वाटतं. आनंदच्या आईला त्याच्याबद्दल आधीपासून माहीत आहे. म्हणजे इतर सिनेमे जिथे संपतात, त्याच्या कितीतरी पुढे हा सुरू होतो. सुतकात पायात चप्पल नाही, खाण्यापिण्यावर बंधनं आहेत आणि त्यातच नातेवाइकांचं ‘लग्नाचं काय?’ सुरू आहे. आईने नातेवाइकांना काय सांगायचं, याचा एक ठरलेला बहाणा आहे. तो ऐकताना मला ‘करिअर सेट होऊ दे’ आठवलं. पार्श्वसंगीत नाही, भाषण नाही. दोन माणसं झाडाखाली निवांत बसतात, बोलतात, आणि एकमेकांसाठी काय करता येईल याचा विचार करतात.

‘मराठी प्रेक्षक अजून तयार नाही’ असं म्हणणाऱ्यांना थोडा इतिहासही सांगायला हवा. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं. त्याची नायिका स्त्रीवर प्रेम करते. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त (1982) आश्रमातल्या दोन स्त्रियांचं नातं येतं. अमोल पालेकरांनी ‘थांग’ (2006) केला. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरीही 2006 चीच. तिच्यावरचा सिनेमा 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आला, पण हिंदी-इंग्रजीत, आणि कथा केरळमध्ये नेऊन. ‘अलीगढ’ (2016) हिंदी आहे, पण त्यातले प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते.

म्हणजे नाटक, कादंबरी आणि सिनेमा तयार होते. मागे राहिली ती रोजची मालिका. आणि ‘साबर बोंडं’ कितीही गाजला, तरी माझी आई तो बघायला मल्टिप्लेक्समध्ये गेली नाही. ती संध्याकाळी सातला टीव्ही लावते. तिथल्या घरांत सासू, सून, दीर, नणंद, कारस्थान करणारी आत्या असे सगळे असतात. ज्याचं लग्न झालेलं नाही, ज्याचा एक ‘रूममेट’ वर्षानुवर्षं सणाला घरी येतो, असा काका किंवा भाऊ मात्र नसतो. खऱ्या कुटुंबांत तो असतो.

मला त्याच्यावर विशेष भाग नको, महासप्ताह तर नकोच. त्याने गणपतीच्या आरतीला उभं राहावं, जावेच्या भांडणात मधे पडावं, गॅस सिलिंडर उचलावा आणि जेवताना त्याच्या रूममेटच्या ताटात कुणीतरी न विचारता आणखी एक मोदक वाढावा. एवढं रोज रात्री दिसलं, तर पुढच्या वेळी गावाकडून फोन आल्यावर माझ्या आईला करिअरचा बहाणा कदाचित शोधावा लागणार नाही.