परताव्याची रक्कम आणि व्याजाचा न्याय

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत जुलै महिना हा भातलावणीचा असतो. घरातील सगळी माणसे चिखलात उभी असतात आणि कचेरीची कामे पोळ्यापर्यंत लांबणीवर पडतात. सामान्य करदात्याने प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदतही वर्षानुवर्षे याच महिन्याच्या ३१ तारखेला संपत आली आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसताना लावणी करणाऱ्याचा या तारखेशी संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु या तालुक्यांतील कुटुंब आता केवळ भातावर जगत नाही. एक मुलगा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत मजूर पुरविण्याचे लहानसे कंत्राट घेतो, दुसरा आसनगावच्या बाजूला कामाला जातो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले असतात आणि निवृत्तीची रक्कम, किंवा समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला, बँकेत मुदत ठेवीत असतो.

यांपैकी बहुतेकांना कर लागू होतच नाही. करकपात मात्र होते. कंत्राटाचे बिल एका वेळी ३०,००० रुपयांच्या किंवा वर्षाकाठी एक लाखाच्या वर गेले की कारखानदार एक टक्का कापून घेतो. ठेवीवरील व्याज ठराविक मर्यादेबाहेर गेले की बँक दहा टक्के कापते. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर हीच कपात वीस टक्क्यांवर जाते. कर लागणार नाही असे स्वयंघोषणापत्र वर्षारंभी बँकेत दिले तर ठेवीवरील कपात टळते. पण ते देण्याची आठवण कपात झाल्यावर होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मग उरतो एकच मार्ग. विवरणपत्र भरावयाचे आणि परताव्याची वाट पाहावयाची.

ही वाट आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. विवरणपत्रांवरील प्रक्रियेचा सरासरी काळ २०१३-१४ मधील ९३ दिवसांवरून १० दिवसांवर आल्याचे अर्थमंत्र्यांनी १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितले. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राचे हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु सरासरी ही मोठी फसवी वस्तू असते. ज्याची कागदपत्रे एकमेकांशी जुळतात त्याचा परतावा दहा दिवसांत येतो. ज्याची जुळत नाहीत त्याला दहा महिनेही पुरत नाहीत, आणि न जुळणारी कागदपत्रे तालुक्याच्या गावी अधिक असतात. सातबारावर मराठीत असलेले नाव रोमन लिपीत उतरताना आधारवर एका तऱ्हेने, पॅनवर दुसऱ्या आणि पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेने उतरते. विवाहितेचे एका कागदावर माहेरचे नाव असते, दुसऱ्यावर सासरचे. यंत्राला ही तीन वेगळी माणसे वाटतात. परतावा केवळ पॅनशी जोडलेल्या आणि आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होत असल्याने तो अडकून पडतो. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले. ते हजार रुपये शुल्क भरून पुन्हा सक्रिय होईपर्यंत परतावा नाही आणि त्या काळाचे व्याजही नाही.

याहून अन्यायकारक प्रकार कंत्राटी कामात घडतो. कारखानदार किंवा मोठा कंत्राटदार बिलातून कर कापतो, पण तो सरकारी खात्यात भरत नाही, किंवा भरूनही आपल्या तिमाही विवरणात लहान कंत्राटदाराचा पॅन क्रमांक चुकवतो. मग २६एएस या नोंदपत्रात ती रक्कम दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती परत कशी द्यावी, असे खाते विचारते. वस्तुतः १९६१ च्या कायद्याच्या कलम २०५ नुसार, ज्याच्या पैशांतून कर कापला गेला त्याच्याकडून तोच कर पुन्हा मागता येत नाही. मागू नये एवढे कायदा सांगतो. परत देण्याची वेळ आली की मात्र नोंदीवर बोट ठेवले जाते. चूक एकाची आणि हेलपाटे दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. ज्याच्याकडे दाद मागावयाची त्याच्याकडूनच पुढच्या महिन्याचे काम मिळवावयाचे असते, म्हणून लहान कंत्राटदार तोंड उघडत नाही.

आता व्याजाकडे पाहू. उशिरा मिळणाऱ्या परताव्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते. करदात्याने कर उशिरा भरला तर त्याच्याकडून दरमहा एक टक्का घेते. ८ सप्टेंबर २००३ रोजी हे दोन्ही दर एकाच वेळी ठरले, आणि एकमेकांच्या दुप्पट-निमपट ठरले. समजा, निवृत्त शिक्षकाच्या ठेवीवरील व्याजातून मे महिन्यात बारा हजार रुपये कापले गेले. त्या मार्चअखेरपर्यंतचे महिने व्याजाच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. विवरणपत्र मुदतीत भरले तर एक एप्रिलपासून व्याज धावते, उशिरा भरले तर भरल्या दिवसापासून. एक एप्रिलपासून परतावा दीड वर्ष रखडला तर १,०८० रुपये मिळतील. हेच बारा हजार शिक्षकाकडून सरकारला येणे असते तर तेवढ्याच काळाचे २,१६० रुपये वसूल झाले असते. शिवाय मिळालेले व्याज उत्पन्नात धरून त्यावर कर लागू शकतो. सरकारला भरलेल्या व्याजाची वजावट मात्र मिळत नाही. मुरबाडहून कल्याणपर्यंतचे एस.टी.चे चार हेलपाटे आणि सल्लागाराचे शुल्क यांत हे १,०८० रुपये केव्हाच संपतात. गावच्या सावकारानेही एवढा एकतर्फी करार लिहून घेताना इकडेतिकडे पाहिले असते.

याच प्रश्नावर पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. तिचे परतावे बारा ते सतरा वर्षे रखडले होते, आणि २००६ मध्ये न्यायालयाने त्या विलंबाची भरपाई देण्याचा आदेश देताना खात्यावर कडक ताशेरे ओढले. परंतु २०१३ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने, कायद्यात लिहिले आहे तेवढेच व्याज मागता येते, असे स्पष्ट केले. अर्थात कायद्यात काय लिहिले जाते हेच निर्णायक ठरते.

परताव्याची अडचण शासनाला समजत नाही असे नाही. जुन्या, क्षुल्लक आणि वादग्रस्त मागण्या नोंदीत तशाच राहिल्याने पुढच्या वर्षांचे परतावे अडतात, अशी कबुली २०२४ च्या त्याच अंतरिम अर्थसंकल्पात देण्यात आली. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याचे तेव्हा ठरले. हे योग्यच झाले. पण पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात, मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्याला परतावाच मागता येणार नाही अशा अर्थाची तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती वगळण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. राहिली असती तर लावणीत गुंतलेल्या माणसाचा पैसा एका तारखेपायी सरकारजमा झाला असता.

खोटे परतावे लाटणारे लोक आहेत आणि खात्याने त्यांना रोखलेच पाहिजे. परंतु ज्याच्या कपातीची नोंद सरकारच्याच दप्तरी आहे आणि ज्याचे ज्ञात उत्पन्न करमर्यादेच्या आत आहे, त्याने अर्ज करण्याची वाट पाहण्याचे कारण काय? असा परतावा खात्याने स्वतः होऊन पाठवावा. दोन्ही बाजूंच्या व्याजाचा दर एकच असावा आणि तो कपातीच्या दिवसापासून मोजला जावा. ज्याने कापलेला कर भरला नाही त्याच्याकडून तो वसूल करण्याचे काम सरकारचे असावे, मजूर पुरविणाऱ्याचे नव्हे. तानसा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला रोज पोहोचते; मुंबईहून एखादा अधिकारी महिन्यातून एक दिवस शहापूर आणि मुरबाडच्या तहसील कचेरीत येऊन बसला, तर नावातल्या अक्षरांचे घोळ तेथल्या तेथे मिटतील. पहिली बैठक लावणी आटोपल्यावर ठेवावी.