शुल्क भांडवलावर, भार इंद्रायणीवर

खंडाळ्याला गेलेल्या प्रत्येकाने नागफणीचे टोक पाहिलेले असते. त्या टोकामागच्या पठारावर कुरवंडे गाव आहे आणि त्याच परिसरात इंद्रायणी उगम पावते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. (1661 साली कारतलब खानाची फौज याच कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवरायांनी तिची कोंडी केली.) खंडाळ्याच्या कड्यावरून पश्चिमेला उतरणारे पाणी कोकणात जाते, पूर्वेला वळलेले पाणी इंद्रायणी होऊन कामशेत, देहू, आळंदी असा प्रवास करीत तुळापूरला भीमेत मिळते. ज्या नदीत तुकोबांच्या गाथेला बुडवण्यात आले आणि जिच्या काठी माउलींनी 1296 साली समाधी घेतली, तीच ही नदी. अलीकडच्या वर्षांत ऐन कार्तिकी वारीच्या सुमारास आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत.

फेस दिसला की आरोपांची फेक सुरू होते. कोणी चिखली-कुदळवाडीकडे बोट दाखवतो, कोणी महापालिकेकडे. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीतील भंगार गोदामांवर बुलडोझर फिरला, त्याचे स्वागतही झाले. परंतु नदी कुदळवाडीत जन्मत नाही. सांडपाणी सोडणाऱ्याकडून शासन नेमके काय वसूल करते आणि कशाच्या आधारावर, हा कंटाळवाणा वाटणारा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. आणि त्याची चर्चा उगमापासूनच व्हायला हवी.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या पंचविसाव्या कलमान्वये सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या उद्योगाला वा हॉटेलला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. उभारणीपूर्वी एक, चालवण्यासाठी दुसरे. महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढेच होता. आपला स्वतंत्र कायदा 1969 चा आणि मंडळ 1970 चे. संमतीपत्रासाठी वर्षांच्या हिशेबाने शुल्क भरावे लागते. ते ठरते मात्र प्रकल्पात गुंतवलेल्या भांडवलावर! किती पाणी सोडले, त्यात किती घाण होती, यांचा त्या आकड्याशी संबंध नाही. समजा, एका हॉटेलमालकाने पदरचे पैसे घालून उत्तम प्रक्रिया केंद्र उभारले. त्याचे भांडवल वाढले, म्हणजे शुल्काचा टप्पाही वर सरकू शकतो. शेजारच्याने रात्रीच्या अंधारात नळी ओढ्यात सोडली, तर त्याचे भांडवल जिथल्या तिथे. प्रामाणिकपणावर कर बसवण्याचा हा प्रकार आहे.

पाण्याच्या मापावर आकारणी आपल्याकडे नव्हतीच असे नाही. 1977 च्या जल उपकर कायद्याने उद्योग व स्थानिक संस्था यांच्याकडून वापरलेल्या पाण्यावर उपकर घेतला जाई. पाणी थंड करण्यासाठी वापरले की विषारी प्रक्रियेसाठी, यावर दर ठरे आणि प्रक्रिया केंद्र बसवणाऱ्याला सूट मिळे. दर हजार लिटरला काही पैसे, इतके ते नाममात्र होते, वसुलीही ढिसाळ होती. पण तत्त्व बरोबर होते. वस्तू व सेवा कर लागू होताना 1 जुलै 2017 पासून हा उपकर रद्द झाला. करांचा गुंता सोडवण्याचे ते पाऊल आवश्यकच होते. मात्र तेथे रिकामी झालेली जागा आजवर भरलेली नाही, हे आपल्या विचाराच्या सरकारांनाही सांगितले पाहिजे. शिवाय उपकर गेल्यावर मंडळांचा भार संमती शुल्कावर अधिकच आला. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच शुल्कावर संसार चालवणारी संस्था कितपत कठोर होईल?

पश्चिमेचे अंधानुकरण नको हे खरेच, पण जर्मनीने 1976 साली केलेला कायदा अभ्यासण्याजोगा आहे. तेथे सांडपाण्यातील घातक घटकांचे मोजमाप करून ‘हानी-एकक’ ठरवतात आणि प्रत्येक एककामागे आकारणी होते. 1981 मध्ये 12 मार्कांपासून सुरू झालेला दर टप्प्याटप्प्याने 70 मार्कांवर नेला गेला. ठरलेली मानके पाळणाऱ्याला सवलत मिळते, आणि जमलेला पैसा पाण्याच्या शुद्धीसाठीच खर्च होतो.

हे काही आपल्याला परके नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पुण्यस्थान, जलस्थान व देवालयाजवळ मलविसर्जन करणाऱ्यास चढत्या क्रमाने दंड सांगितला आहे, मूत्रासाठी त्याच्या निम्मा. औषध, व्याधी वा भय यामुळे तसे घडले असेल तर दंड माफ. स्थान, अपराध आणि कारण यांचे तारतम्य ठेवून आकारणी करणारी ही दृष्टी आजच्या भांडवलाधारित कोष्टकाहून कितीतरी शास्त्रीय आहे.

आता खंडाळ्याकडे. मंडळे ज्या वर्गवारीवर चालतात, तिच्या 2016 च्या सूत्रानुसार दिवसाला एक लाख लिटरहून अधिक सांडपाणी सोडणारे हॉटेल लाल गटात, वीसहून अधिक खोल्यांचे नारिंगी गटात, आणि वीस खोल्यांपर्यंतचे, बॉयलर नसलेले हिरव्या गटात गेले. परंतु घरगुती म्हणून बांधलेला आणि शनिवार-रविवारी पंधरा-वीस जणांना भाड्याने दिला जाणारा बंगला कोणत्या गटात? लोणावळा-खंडाळ्याच्या आजच्या पर्यटनाचा मोठा भाग अशा बंगल्यांत उतरतो. चार माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली सेप्टिक टाकी पावसाळ्याच्या गर्दीत वाहू लागते आणि ते पाणी उताराने ओढ्याला मिळते. येथे येणारी मंडळी कोणी परकी नाहीत. मुंबई-पुण्याची, आपल्याच घरांतली आहेत. चिक्की घेऊन परततात आणि पुढच्या महिन्यात आळंदीला जाऊन त्याच नदीचे तीर्थ घेतात!

केंद्रीय मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांतील 53 महाराष्ट्रातील होते. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर उतरला, आपला मात्र 55 वर चढला. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने कचरा व सांडपाण्याच्या हेळसांडीपोटी राज्यावर 12,000 कोटी रुपयांची भरपाई आकारली. ही रक्कम शेवटी कोणाच्या खिशातून यायची? ज्याने नळी सोडली त्याच्या नव्हे, सर्वसामान्य करदात्याच्या.

मावळच्या लोकप्रतिनिधींनी आणि नगरपरिषदेने भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक बंगल्याची नोंद करावी, आणि झोपण्याच्या जागांच्या हिशेबाने सांडपाणी आकार लावावा. टाकी उपसल्याची पावती दाखवणाऱ्याला त्यात निम्मी सूट द्यावी. जमा होणारा निधी मुंबईच्या तिजोरीत न जाता इंद्रायणीच्या काठावरच, वेगळ्या खात्यात राहावा. देहू-आळंदीतील भक्तनिवास, धर्मशाळा आणि मंगल कार्यालये यांनाही हीच मोजणी लागू करावी. तेथे आपलेच कार्यकर्ते विश्वस्त आहेत. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता त्यांना आपल्या टाक्यांची तपासणी येत्या आषाढीच्या प्रस्थानापूर्वी करून घेता येईल.