गाल फुगवून बसण्याचा हक्क

बाईने नाराजी दाखवली की आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘बसली गाल फुगवून!’ मागे मी खरोखरच गाल फुगवून बसले. आधी उजवा, दोन दिवसांनी डावा. डॉक्टरीणबाईंनी कानाखाली चाचपून सांगितलं, गालगुंड झालंय. पन्नाशीला टेकलेल्या बाईला लहान मुलांचं दुखणं, म्हणून त्यांनाही हसू आवरेना. या आजारावर खास औषध नाही. तापापुरती गोळी, मऊ खाणं, भरपूर पाणी. मात्र तो लाळेतून, खोकल्यातून पसरतो, म्हणून सूज आल्यापासून पाच दिवस इतरांपासून लांब राहायचं. माझं ताट, पेला, टॉवेल वेगळा झाला, मागची खोली मला मिळाली. सासूबाई दारातून म्हणाल्या, “पाळीत बाजूला बसायला नाही म्हणालीस ना जन्मभर? आता बस एकदम पाच दिवस!” हसले तर जबड्यातून अशी कळ गेली की विचारू नका.

हसण्याचे प्रसंग पुढेही येत राहिले. खिडकीतून डोकावणारी शेजारीण म्हणाली, “आजारपण मानवलं हो तुला, चेहरा कसा भरलाय!” संघटनेतल्या मैत्रिणीने फोन करून विचारलं, “बैठकीत तुझं तोंड बंद करायला अखेर विषाणूच लागला का गं?” अशा थट्टेने दुखणं हलकं होतं, यात शंका नाही.

पण बाईच्या हसण्याचे दोन प्रकार असतात. एक, पाठ टेकायला जागा मिळाल्यावर स्वतःच्या दुखण्याला हसणं. दुसरं, अंगात ताप असताना ओट्याशी उभं राहून ‘काही नाही हो, बरी आहे मी’ म्हणत हसणं. पहिल्याने बरं वाटतं. दुसऱ्याने घरच्यांना बरं वाटतं. ‘एवढं दुखत होतं, पण चेहऱ्यावर कधी दाखवलं नाही’ हे कौतुक आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या वाट्याला भरपूर आलं. त्या कौतुकापायी किती जणींचं दुखणं वेळेवर डॉक्टरकडे गेलंच नाही! म्हणून मला वाटतं, आधी अंथरूण, मग विनोद. हा क्रम उलटा झाला की विनोदसुद्धा बाईच्या कामांच्या यादीत जाऊन बसतो.

आता कृतज्ञतेकडे येते. त्या दिवसांत नवऱ्याने मऊ भात केला, मुगाचं वरण केलं, एकदा दूध उतू घालवलं, पण पातेलंही स्वतःच घासलं. मला बरं वाटलं आणि मी तसं त्याला सांगितलं. पण आळीभर एकच सूर, ‘नशीब काढलंस हो!’ पंचवीस वर्षं रोज वरणभात जेवणाऱ्या माणसाला मात्र कुणी नशीबवान म्हटलेलं मी ऐकलं नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. त्यातही हे ८८ मिनिटं काम करणाऱ्या पुरुषांचे झाले, मुळीच न करणारे या हिशेबात नाहीत. मग पाच दिवसांच्या वरणभाताला उपकाराचं मोल कसं येणार नाही? आभार जरूर मानावेत. पण ते बरोबरीच्या माणसांनी एकमेकांचे मानावेत, आणि रोजचे मानावेत.

या हिशेबातून एक बाई नेहमी सुटते. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना मी म्हटलं, “लागण होईल, पाच दिवस येऊ नका, पगार कापणार नाही.” त्या म्हणाल्या, “मला ल्हानपणीच होऊन गेलंय, मी येते. आणि ताई, तुम्ही द्याल पगारी रजा. पण बाकीच्या तीन घरी खाडा धरतात. आम्हाला झालं तर गालाला फडकं बांधून भांडी घासायची.” हे सांगून त्या मोकळेपणाने हसल्या. ते हसणं दोहोंपैकी कोणतं, हे मी सांगायला नको.

हा प्रश्न जुना आहे. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, तेव्हा आजारपणामुळे कामावर येऊ न शकलेल्या एका बाईला काढून टाकलं, हीच ठिणगी होती. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर हक्काची रजा ही मागणी तेव्हापासूनची. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळावं, हे तत्त्व १९४८ च्या राज्य कर्मचारी विमा कायद्याने मान्य केलं. घरात राबणारी बाई त्याच्या बाहेर राहिली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदणी आली, अर्थसाहाय्य आलं. पण तापाने फणफणलेल्या दिवसाचा पगार कोण देणार, हे मालकिणीच्या मनावरच राहिलं. मनावर राहिलेल्या गोष्टीला दया म्हणतात, हक्क नव्हे.

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी घरकाम करतात, आणि कितीतरी जणींकडे घरकामाला बाई येते. दोघी एकाच सतरंजीवर बसतात. म्हणून पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा असं सुचवते. वर्षातून आजारपणाच्या किती पगारी रजा, हा आकडा आपण आपसांत ठरवू या आणि पगार ठरतानाच कागदावर लिहून देऊ या. सलग दुखणं आलं तर त्या घरांनी मिळून भार उचलावा. सुरुवात आपल्या सभासदांच्या घरांपासून, मग सोसायट्यांकडे, मग सरकारकडे. दिवाळीला साडी देऊन ‘तुमच्यामुळे माझं घर चालतं’ म्हणणं सोपं असतं. ते वाक्य खरं असेल, तर खाड्याच्या वहीतलं आजारपणाचं पान कोरं राहायला हवं.